अळ्यांच्या गाडीतलं पाणी

"वास आला की माझ्याकडं या, बुरशी धरली की देवाकडं जा," असं महांतप्पा एकदा एका नव्या कोऱ्या जीपच्या मालकाला म्हणाला होता. मालक मानी होता. तो आधी देवाकडंच गेला. तुळजापूरला जाऊन, बॉनेटला झेंडूचा हार बांधून, नारळ फोडून परत आला. पण काचा वर केल्या की पायाखालून कुबट वास येतच होता. मग तो मुकाट्यानं जळकोटला आला. महांतप्पानं त्याला अर्धा दिवस बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं आणि संध्याकाळी गाडी कोरडी करून दिली.

महांतप्पाचं दुकान हमरस्त्याला लागून होतं. पाटीवर 'सीट कव्हर, कुशन, मॅटिंग' एवढंच. गाडीत शिरणारं पाणी शोधून देतो, हे पाटीवर कुठंच नव्हतं. ते लोकांच्या तोंडी होतं, पार परंड्यापासून उमरग्यापर्यंत. त्याच्या घरात कन्नड, दुकानात मराठी, आणि शिव्या दोन्हीत. शेजारी अल्ताफचं गाड्यांच्या एसीचं दुकान. दोघांत एक पाण्याचा पाईप आणि एक भांडण, दोन्ही सामाईक.

त्याचा बाप ट्रकच्या ताडपत्र्या शिवायचा. ताडपत्रीला भोक कुठं पडलंय ते बघायची बापाची एक रीत होती. ती दोन बाभळींच्या मधे ताणून बांधायची आणि भर दुपारी खाली उताणं पडायचं. काळ्या कापडातून जिथं उजेडाचं टोक डोळ्यात घुसेल, तिथं खडूची खूण करायची. महांतप्पाचं लहानपण त्या काळ्या आभाळाखाली गेलं. त्यात दुपारीच चांदण्या निघत आणि बापाच्या सुईबरोबर एकेक विझत जात. पुढं प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या आल्या, सुई गेली. तो गाड्यांच्या सीटा शिवायला लागला, सीटा काढताना तळाला अंथरलेले जाड लोकरी नमदे कुजलेले त्याच्या हाताला लागले, आणि पाणी कुठून आलं हा प्रश्न त्याला चिकटला तो कायमचा. उजेड सरळ येतो, म्हणून तो सापडतो. पाणी छपरावर पडतं, दाराशेजारच्या खांबाच्या पोकळीतून उतरतं, वायरीच्या कडेनं चालत जातं आणि तिसऱ्याच माणसाच्या पायाखाली निघतं. ही गोष्ट त्याला जवळजवळ वैयक्तिक अपमानासारखी वाटायची.

त्याची पद्धत साधी होती. आतले सगळे सांधे कोरडे करायचे, त्यांच्यावर जोंधळ्याचं पीठ भुरभुरायचं, काचा-दारं लावून आपण आत बसायचं आणि अल्ताफला बाहेरून पाईप सोडायला सांगायचं. पाणी कुठूनही आलं तरी पिठात करडी रेघ उमटते. आतून एक टकटक म्हणजे पुढं सरक, दोन म्हणजे थांब. घामानं निथळत, पिठानं पांढरा होऊन तो बाहेर यायचा. भोक सापडलेलं असलं तर तो मालकाला हाताला धरून ओढत न्यायचा, त्याचं बोट त्या भोकावर दाबायचा आणि समोरच्या हॉटेलात ऐकू जाईल अशा आवाजात ओरडायचा, "धरा चोराला!" चहा मग मालकाचा. नम्रपणा त्याच्या धंद्यात बसत नव्हता आणि त्याच्या अंगातही नव्हता.

सोनाली पहिल्यांदा आली ती भादव्यात. बोरी नदीच्या अंगाला असलेल्या एका गावची सून. शेतीचं शिक्षण झालेली, तिशीच्या आतली. पांढरी व्हॅन स्वतः चालवत आली. गाडीच्या मागच्या सीटा काढलेल्या होत्या आणि खाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाड मॅटिंग. ते मॅटिंग महांतप्पानंच दोन वर्षांपूर्वी चिकटवून दिलं होतं.

"गाडीत कोण कोण बसतं?" महांतप्पाचा पहिला प्रश्न ठरलेला.

"मी. आणि अळ्या."

"कसल्या अळ्या?"

"रेशमाच्या."

अल्ताफ पलीकडून म्हणाला, "लो काका, अब कीडे भी एसी में फिरने लगे."

"तुमच्यापेक्षा त्यांना गरज जास्त आहे, भाऊ," सोनाली म्हणाली. "त्या दिवसभर काम करतात."

अल्ताफनं पाना उचलून कपाळाला लावला. महांतप्पा खूश झाला. त्याला उलट बोलणारी गिऱ्हाइकं आवडायची.

सोनालीनं सांगितलं ते असं. तिच्या घरी चॉकी केंद्र होतं. रेशमाच्या किड्यांची अंडी आणायची, ती उबवायची, केसाएवढ्या अळ्यांना तुतीचा कोवळा पाला बारीक कातरून घालायचा आणि त्यांनी दोनदा कात टाकली की त्या शेतकऱ्यांना पोचवायच्या. पुढं कोष होईपर्यंत त्या शेतकऱ्यांनी वाढवायच्या. पण गेल्या दोन खेपांपासून शेतकऱ्यांच्या शेडमधे अळ्या मरत होत्या. कडक होत, पांढऱ्या पडत, फळ्यावरच्या खडूसारख्या मोडत. शेतकरी म्हणत, "खडू झाल्या." हा बुरशीचा रोग. बुरशीला लागतो ओलावा, आणि ओलावा होता गाडीत.

"शेतकऱ्यांच्या शेडमधेच असंल की ओल," महांतप्पा म्हणाला.

"मलाही तसंच वाटलं होतं. पण जवळच्या गावांतले लोक मोटारसायकलवर ट्रे बांधून नेतात, त्यांच्या अळ्या ठणठणीत आहेत. मी गाडीतून पोचवते त्यांच्याच मरतात. कळंबकडचे, परंड्याकडचे."

"मग दुसरी गाडी करा की भाड्यानं."

"कुठली करू? इथल्या प्रत्येक टेम्पोतून कधी ना कधी फवारणीचं औषध गेलेलं असतं. त्या वासानंच अळ्या माना टाकतात. ही एकच गाडी स्वच्छ आहे, काका. आणि हीच ओली आहे."

त्या दिवशी महांतप्पानं पीठ टाकलं, दार लावलं. अल्ताफनं पाईप सोडला. मागच्या दाराच्या रबराखाली पिठात रेघ उमटली, बोटाएवढी जाड. "धरा चोराला!" सोनालीचं बोट रबरावर दाबलं गेलं, हॉटेलातनं चहा आला. महांतप्पानं रबर बदललं, मॅटिंगची कड उचलून आतून फडकी फिरवली, पुन्हा पाईप मारून दाखवला. पीठ पांढरंफेक राहिलं.

दिवाळीनंतर व्हॅन पुन्हा दुकानापुढं येऊन उभी राहिली. या वेळी सोनालीबरोबर बिरदेव नावाचा कळंबकडचा शेतकरी होता. खाली उतरल्या उतरल्या त्यानं खिशातनं कागदाची पुडी काढली आणि शिलाई मशीनवर उघडी केली. आत मेलेल्या अळ्या. पांढऱ्या, ताठ.

"तुमचा चोर जामिनावर सुटला वाटतं, महांतप्पा," बिरदेव म्हणाला.

महांतप्पानं एक अळी बोटात धरली. ती मोडली. तिचा आवाज झाला नाही, पण त्याला तो ऐकू आल्यासारखा वाटला.

"आता पाऊस बी न्हाय," बिरदेव म्हणाला. "दसऱ्यापासनं थेंब न्हाय. तरी गाडीत ओल. माझा अख्खा शेड गेला. बायको म्हणती, तुती उपटून ज्वारी पेर. म्या ह्या बाईच्या शब्दावर थांबलोय. आनखी एकदा झालं तर म्या न्हाय थांबायचा, आन् माझ्यामागचे लोक बी न्हायत."

"मी अळ्यांत काही कमी करत नाही हो," सोनाली म्हणाली. "माझ्या सासूबाई तर लेकरांसारख्या जपतात त्यांना. पाला कातरायला बसल्या की हातातल्या बांगड्या उतरवून ठेवतात, आवाज नको म्हणून."

"सासूला कोण काय म्हणतंय? गाडीला म्हणायलोय."

महांतप्पा दोघांचं ऐकत नव्हता. पाऊस नसताना पाणी. त्यानं अल्ताफला हाक मारली. गाडीतला एसी चालला की त्याचं पाणी एका नळीनं खाली रस्त्यावर पडतं. ती नळी त्यानं काढून फुंकली. फुंकर पलीकडं गेली नाही. तारेनं कोरल्यावर सुकलेल्या मातीचे गोळे पडले. कुंभारमाशीनं नळीत घर केलं होतं.

"ये तो मेरा काम था, काका," अल्ताफ म्हणाला.

"तुझं काम असतं तर तू केलं असतंस."

"मेरेकू बताए कब?"

"तुझ्या दुकानासमोरनं ही बाई दोनदा गेली. नाक न्हाय का तुला?"

सोनालीचं बोट नळीवर दाबलं गेलं, पण या वेळी महांतप्पाचा आवाज हॉटेलापर्यंत पोचला नाही. बिरदेव चहा न घेता निघाला. मॅटिंगखालचा नमदा पुसताना महांतप्पाला त्यावर पिवळट डाग दिसले होते. मॅटिंग चिकटवायचं त्याचं सोल्युशनही पिवळंच. त्यानं ते डाग आपलेच समजून पुसले आणि मॅट पुन्हा दाबून बसवली.

शिवरात्रीच्या आधी सोनाली आली ती एकटी. गाडी थांबली तरी ती खाली उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. महांतप्पा खिडकीपाशी गेला.

"काका, शेवटचं विचारते," ती म्हणाली. "पुन्हा ओली आहे. अंडी उबवायला घातलीत. चार-पाच दिवसांत अळ्या बाहेर पडतील. त्यांना थांबा म्हणता येत नाही. त्या वाढणार, कात टाकणार आणि मला त्या गाडीत भराव्याच लागणार. या वेळी भरताना बघायला शेतकरी स्वतः येणार आहेत. पुन्हा खडू झाल्या तर मी केंद्र बंद करीन. लोकांना तसं सांगून टाकलंय मी."

"बंद करून काय करणार?"

"तुती शेळ्यांना घालीन." तिनं त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. राग नाही."

महांतप्पाला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. त्याच्या तोंडाशी कन्नडमधली एक शिवी आली, पण ती कुणाला द्यावी ते कळेना, म्हणून गिळली. त्यानं दार उघडलं, सोनालीला खाली उतरवलं आणि कामाला लागला.

सकाळभर त्यानं पाईप मारून घेतला. छत, खिडक्या, पुढची काच, दारांच्या पोकळ्या. एसी लावून गाडी तासभर उभी ठेवली. पीठ पांढरं. चाकांच्या कमानीखालून पाणी उडवलं. पीठ पांढरं. दुपारी अल्ताफ पाईप टाकून जेवायला गेला आणि जाताना म्हणाला, "काका, गाडी सूखी है. मान लो." महांतप्पा आत एकटाच राहिला. दारं बंद. तो उताणा पडला, लहानपणी पडायचा तसा. पण वर पाहिलं तर पत्रा. पत्र्यातून चांदणी दिसत नाही. पाठीला मात्र मॅटिंगमधून गारवा लागत होता. गाडी सूखी होती आणि तो ओल्यावर पडला होता.

बाहेरच्या बाकावरनं सोनालीचा आवाज आला. ती बहुधा स्वतःशीच बोलत होती. "रिकामी असली की भिजत नाही. अळ्या असल्या की भिजते."

"काय म्हणालीस?"

"मागच्या महिन्यात गाडी पंधरा दिवस अंगणात उभी होती. कोरडी होत आली होती. अळ्या पोचवून आले, पुन्हा चिंब."

महांतप्पा उठून बसला. चाकूनं त्यानं मॅटिंगची कोपऱ्यातली कड सोडवली. खालचा नमदा दाबला तशी बोटांमधून पिवळट पाणी आलं. विचार करायचा म्हणून त्यानं सवयीनं तंबाखूची डबी काढली, नखानं चुना घेतला. बोट ओलं होतं. तंबाखू मळायच्या आधीच बोटावरचा चुना लाल झाला.

कुंकवासारखा लाल.

त्यानं नमद्याला दुसऱ्या ठिकाणी चुना लावून पाहिला. तिथंही लाल. त्याचं सोल्युशन कधी लाल झालं नव्हतं. पावसाच्या पाण्याला हळद नसते. एसीच्या पाण्याला नसते. हळद माणसाच्या हातातूनच येते.

बाहेर येऊन त्यानं सोनालीला एवढंच सांगितलं, "गाडी घिऊन जा. धुऊ नगं, पुसू नगं. भरायच्या दिवशी सकाळी म्या हत्यारं घिऊन येतो. आदी चोर बगतो, मग गाडी फाडतो."

"सापडलं का काही?"

"दोनदा सापडलं म्हणलोय म्या. आता बगितल्याबिगर न्हाय म्हणायचो."

ठरल्या दिवशी तो पहिल्या एसटीतून उतरून चालत त्यांच्या वस्तीवर पोचला. अंगणात लिंबाखाली बाज टाकली होती. तिच्यावर आणि तिच्याभोवती सात-आठ शेतकरी चहाच्या कपांसकट बसले होते, आणि मधोमध बिरदेव. सोनालीचा नवरा कुमार वायरमन होता. लाईटचा कुठला तरी खांब पडल्यानं तो पहाटेच गेला होता. संगोपनघराच्या दारातून सोनाली मेणकागदात गुंडाळलेले ट्रे एकावर एक रचून आणत होती आणि व्हॅनच्या मागच्या दारातून आत सरकवत होती. तिच्याबरोबर तिची सासू. साठीतली, लहानखुरी, हातात एकही बांगडी नसलेली. ट्रे उचलताना ती असा श्वास धरायची, जणू आत कुणी झोपलंय. तिचं नाव कस्तुराबाई.

सासू-सून ट्रे आणायला आत गेल्या तसा महांतप्पा बाजूच्या दारातून व्हॅनमधे शिरला आणि ड्रायव्हरच्या सीटमागं, अंधाऱ्या कोपऱ्यात, गुडघे पोटाशी घेऊन बसला.

"कोंबडं खुडूक झालंय जणू," बिरदेव म्हणाला आणि बाजेवरचे लोक हसले.

पहिली रांग लागली. राहिलेले ट्रे आणायला सोनाली आत गेली. अंगणात लोकांचं ऊस आणि पाण्याच्या पाळ्यांवर बोलणं चाललं होतं. तेवढ्यात मागच्या दारात सावली आली. कस्तुराबाई. पदराआड तांब्या. तिनं इकडंतिकडं पाहिलं, वाकून ट्रेंच्या बुडाशी, डाव्या कडेनं उजवीकडं, पाण्याची बारीक धार सोडत नेली. पाणी पिवळं होतं. ओठांतल्या ओठांत ती म्हणत होती, "जावा बायांनो. सुखानं नांदा. मागं वळून बगू नगा."

महांतप्पा खाकरला.

"आगं बया! कोन हाय?"

"भिऊ नगा, आक्का. म्या जळकोटचा महांतप्पा."

"मग हितं अंधारात काय करताव?"

"तुमी काय करताव?"

कस्तुराबाईनं तांब्याकडं पाहिलं. मग लपवण्यासारखं त्यात काय आहे हे न कळल्यासारखी म्हणाली, "काय न्हाय. पायावर पानी घातलं. लेकी निघाल्या न्हवं का. सासरला निघालेल्या लेकीच्या पायावर पानी घालत न्हायत व्हय तुमच्यात?"

"घालतात की. कवापासनं घालता?"

"पयल्यापासनं. मला तीन ल्योक. लेक न्हाय. ही पयली खेप निघाली तवा मला रडूच आलं बगा. म्हणलं, आपल्याबी दारातनं लेकी जायल्या. पयलं नुसतं चार थेंब सोडायची, हळदीचं बोट बुडवून. मग त्या मराय लागल्या." तिचा आवाज खाली गेला. "म्हणलं, माझंच काय तरी कमी पडायलंय. मग तांब्या घातला. तरी मेल्या. मग दोन घातले."

"आन् आज?"

"आज घागर भरून ठिवलीय. दाराआड."

गुडघ्यावर सरकत महांतप्पा कडेला आला आणि चाकू मॅटिंगखाली घालून एक वीतभर पट्टी उभी फाडली. आताच सोडलेली पिवळी धार कडेनं आत शिरून नमद्यात मुरत होती, रस्ता ओळखीचा असल्यासारखी. ते जाड मॅटिंग वरचं पाणी आत घेत होतं आणि आतलं वर येऊ देत नव्हतं. गाडीच्या तळाला पाणी जायला रबरी बुचं लावलेली भोकं होती. त्यांच्यावरही त्यानंच सोल्युशन फासून ठेवलं होतं. वरून हात कस्तुराबाईचा, खालून त्याचा. त्यानं डबी काढली, नखभर चुना नमद्यावर टेकवला.

लाल झालं तसं कस्तुराबाईनं तांब्या छातीशी धरला. हळदीला चुना लागला की काय होतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. नमदा कोपऱ्यात जिथं उचलला गेला होता, तिथं खाली पांढरी बुरशी होती. कापसासारखी मऊ, वाढलेली, जिवंत.

"म्या मारल्या व्हय?" ती म्हणाली.

त्यानं बोटावरचा लाल चुना मॅटिंगला पुसला.

"म्या मारल्या. जितकं मरत्यात तितकं म्या घालतीय, आन् जितकं घालतीय..." ती दाराला धरून उभी राहिली. "सोनालीला सांगू नगा, आप्पा. ती मला काय बोलायची न्हाय. तेच वाईट. उद्यापासनं अळ्यांच्या खोलीला आतून कडी घालंल. मला पाला कातराय बसू द्यायची न्हाय. आन् ह्या लोकांच्या कानावर गेलं तर? सासूनं सुनंचं वाटोळं केलं म्हणतील."

बाहेर सोनालीची पावलं वाजली. कस्तुराबाई बाजूला झाली.

"ट्रे खाली घे, सगळे," महांतप्पा म्हणाला. "सावलीत ठिव."

"काय झालं?"

"खाली घे."

त्यानंतर जे झालं ते शेतकऱ्यांनी चहा सोडून उभं राहून बघितलं. महांतप्पानं आपणच दोन वर्षांपूर्वी अंगठ्यानं दाबून दाबून चिकटवलेलं मॅटिंग एका टोकापासून फाडायला सुरुवात केली. ते सहजी निघेना. त्याचं काम पक्कं होतं. तो पाय देऊन ओढत होता, चाकूनं खालचं सोल्युशन कापत होता, नखं तुटत होती. मॅटिंग गेलं, मग नमदा. भिजून जड झालेला तो नमदा त्यानं दोन्ही हातांनी ओढत अंगणात आणला आणि उन्हात पसरला. एका अंगाला पांढरी बुरशी, बाकी सगळा पिवळा. मग गाडीखाली झोपून त्यानं तळाची रबरी बुचं एकेक करून उपसली. पाणी मातीत पडायला लागलं. धार थांबेपर्यंत तो तिथंच पडून राहिला.

"आता हातोडा घिऊन गाडीच मोडा म्हणजे झालं," बिरदेव म्हणाला, पण कुणी हसलं नाही.

सोनालीनं फडकी आणली, उघड्या पडलेल्या पत्र्यावर संगोपनघरातलं, अळ्यांना न बाधणारं जंतुनाशक फवारलं आणि कोपरा न कोपरा कोरडा पुसला. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. मग महांतप्पानं पिशवीतून आणलेल्या लाकडी पट्ट्या आडव्या टाकल्या, खाली वारा खेळेल अशा, आणि त्यांच्यावर ट्रे पुन्हा चढले. ऊन अजून कोवळं होतं. गाडीतून जंतुनाशकाचा वास येत होता. कुबट वास गेला होता.

हे सगळं होताना कस्तुराबाई संगोपनघराच्या दारात उभी होती. तिच्यामागं, दाराआड, घागरीचा काठ दिसत होता.

"सापडलं ना, काका?" सोनाली म्हणाली. तिचे डोळे त्या पसरलेल्या नमद्यावर होते. "कुठून येत होतं?"

"बोला की," बिरदेव म्हणाला. "त्या वेळी हॉटेलापर्यंत आवाज गेला होता. आज काय तोंडाला बूच लावलं का? आमचे शेड गेलेत. आमाला कळाय पायजे."

सगळे महांतप्पाकडं बघत होते. चाकू पुसता पुसता तो विचार करत होता. पाऊस म्हणावं, तर पाऊस नव्हता. आपलं मॅटिंग म्हणावं, तर ते खोटं नव्हतं. पण मॅटिंगनं पाणी धरून ठेवलं होतं, आणलं नव्हतं. तेवढं सांगून तो सुटला असता, आणि पुढच्या खेपेला दाराआडची घागर पुन्हा उचलली गेली असती. पत्र्यावर, पट्ट्यांवर, थेट ट्रेवर. आणि खरं सांगावं, तर चोर सापडला होता. त्याचं बोट धरून भोकावर दाबायचं तेवढं बाकी होतं. ते बोट साठ वर्षांचं होतं, आणि रोज सकाळी केसाएवढ्या अळ्यांसाठी पाला कातरत होतं.

त्यानं चाकू मिटला. नमदा अंगणाच्या मधोमध पडला होता. ज्यानं त्यात हळद घातली त्याला तो वाचता येत होता.

कस्तुराबाई दारातनं खाली उतरली. दोन्ही हातांनी घागर धरून ती अंगणात आली आणि सगळ्यांसमोर तिनं ती लिंबाच्या बुडाशी पालथी केली. पिवळं पाणी झाडाच्या आळ्यात पसरलं. बाजेवरचे लोक काही न समजून बघत राहिले.

"सोनाली," ती म्हणाली, "त्यांना इचारू नगं. मला इचार."

सोनाली तिच्याकडं वळली. तिनं आधी घागरीकडं पाहिलं, मग नमद्याकडं, मग सासूच्या हातांकडं, आणि दोन पावलं पुढं होऊन ते हात आपल्या हातांत घेतले.

महांतप्पानं पिशवी खांद्याला अडकवली, शेतकऱ्यांच्या मधून वाट काढली आणि फाटक ओलांडून तो रस्त्याला लागला.